फुजीसानमधला ‘सान’ कोण?

शिनचॅन बघता ना? त्याच्या नावातला ‘चॅन’ म्हणजे मुळात ‘चान’. लहान मुलांच्या, लाडक्या माणसांच्या नावामागे जपानी लोक तो जोडतात. मोठ्यांना मात्र ‘चान’ म्हणून चालत नाही. तिथे ‘सान’ लागतं. तानाका-सान, सुझुकी-सान. आता जपानमधला सगळ्यात उंच डोंगर, ३,७७६ मीटरचा, त्याला जपानी लोक काय म्हणतात? फुजी-सान! म्हणजे काय, डोंगरालाही ‘फुजीराव’?

कल्पना झकास आहे, पण तसं नाही. हा सान निराळा. याचा अर्थच डोंगर. आणि पुढची गंमत ऐका. दक्षिण कोरियात जेजू बेटावर एक ज्वालामुखी आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने उंच. त्याचं नाव हाल्लासान. सोल शहराला लागून पुखानसान आहे. चीनमध्ये थाइशान आहे, ह्वाशान आहे. सान, सान, शान! हा शब्द लिहायची खूणही तिन्हीकडे एकच. खाली एक आडवी रेघ, तिच्यावर तीन उभ्या रेघा, मधली सगळ्यात उंच. झाला तीन शिखरांचा डोंगर.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, कळलं की! चिनी, जपानी, कोरियन या मराठी-हिंदी-गुजरातीसारख्या सख्ख्या बहिणी असणार.

इथेच तर सगळे फसतात.

भाषांचं नातं शोधणारे शास्त्रज्ञ पुस्तक, टेबल असल्या शब्दांवर विश्वास ठेवत नाहीत. असे शब्द कोणीही कोणाकडून उसने घेतं. ते बघतात हात, पाणी, आग हे रोजचे, आजीच्या आजीपासून चालत आलेले शब्द. मराठीत हात, हिंदीत हाथ, बंगालीत हात. मराठीत पाणी, हिंदीत पानी. बहिणी आहेत हे लगेच दिसतं. आता आपल्या तिघींना विचारू. हाताला जपानीत ‘ते’, कोरियनमध्ये ‘सोन’, चिनीत ‘शोउ’. पाण्याला जपानीत ‘मिझु’, कोरियनमध्ये ‘मुल’, चिनीत ‘श्वे’. काही जुळतंय?

वर्गात एखादा हुशार असतोच. तो हात वर करून म्हणेल, ‘मिझु आणि मुल, दोन्हीत म आहे की!’ आहे. पण एका अक्षरावर नातं ठरत नाही, असे शेकडो शब्द ठरावीक नियमाने जुळावे लागतात. नाहीतर कोरियन मुलं बाबांना ‘आप्पा’ आणि आईला ‘ऑम्मा’ म्हणतात, तमिळ मुलंही अप्पा-अम्माच म्हणतात, म्हणून कोरियन आणि तमिळ बहिणी? मुळीच नाही. तान्ह्या बाळाला ओठ मिटून उघडता आले की पहिल्यांदा म आणि प हेच आवाज निघतात. आईबाबांना वाटतं, आपल्यालाच हाक मारली. जगभर हेच चालतं!

आता खरा धक्का. चिनी भाषेचे नातेवाईक शोधायला जपानला जायची गरज नाही. ते आपल्या देशात आहेत. मणिपूरची मैतेई, आसामातली बोडो, लडाखमधली लडाखी या सगळ्या चिनीच्या दूरच्या नातलग, कारण त्या चिनी-तिबेटी कुळातल्या आहेत. जपानी आणि कोरियन मात्र त्या कुळात नाहीत. त्या दोघी एकमेकींच्या कोणी लागतात का, यावर विद्वानांचे वाद झाले, पण नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही.

बोलण्याची धाटणी बघायची? ‘मी आंबा खातो’ हे वाक्य घेऊ. जपानीत: वाताशी-वा मांगो-ओ ताबेमासु. मी, आंबा, खातो. कोरियनमध्ये: ना-नुन मांगो-रुल मॉगॉयो. मी, आंबा, खातो. अगदी आपल्यासारखं! क्रियापद शेवटी, आणि नामाच्या मागे प्रत्यय. जपानी ‘ओ’ आणि कोरियन ‘रुल’ काय सांगतात? खाल्लं जातंय ते आंब्याला, माझ्या ‘मी’ला नव्हे. चिनी मात्र म्हणणार: वो छ मांगक्वो. मी खातो आंबा. प्रत्यय नाही, काही नाही. चिनी क्रियापद तर कधी बदलतच नाही. काल खा, आज खा, उद्या खा, मी खा, ती खा. विभक्तीच्या तक्त्याने ज्यांचा जीव खाल्लाय, त्यांनी चीनमध्ये जन्म घ्यायला हवा होता. (तिथे दुसरी डोकेदुखी आहे. ती पुढे येईल.)

नातं नाही, मग ‘सान’ आणि ‘शान’ एक कसे? गोष्ट हाडांपासून सुरू होते.

चीनमधल्या औषधांच्या दुकानांत पूर्वी ‘ड्रॅगनची हाडं’ मिळायची. कुटून, पूड करून लोक ती पोटात घ्यायचे. १८९९ च्या सुमारास वांग यीरोंग नावाच्या विद्वानाच्या लक्षात आलं, की काही हाडांवर काहीतरी कोरलेलं आहे. ती लिपी निघाली! आन्यांग शहराजवळ मग अशी हाडं ढिगाने सापडली. कासवाची कवचं आणि बैलांच्या खांद्याची हाडं, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. शांग घराण्याचे राजे त्यांच्यावर देवाला आणि पूर्वजांना प्रश्न विचारायचे. पाऊस पडेल का? पीक चांगलं येईल का? एका राजाचा तर दात दुखत होता, त्याबद्दलही विचारलंय. हाड तापवायचं, त्याला तडा गेला की तड्याचा आकार बघून उत्तर काढायचं, आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा. आजची चिनी अक्षरं याच खुणांची नातवंडं-पतवंडं आहेत. झाडाची एक खूण. दोन झाडं शेजारी काढली की झाडी, तीन झाडं काढली की दाट अरण्य. सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवले की ‘उजेड’. कसलं भारी आहे!

ही लिपी शेजारी कोरियात गेली, कोरियातून जपानात गेली. तोवर तिथे लिहायची पद्धतच नव्हती. अक्षरांबरोबर चिनी शब्दही आले, आणि आले ते जुन्या उच्चारांसकट. म्हणून डोंगर चिनीत शान, कोरियनमध्ये सान, जपानीत सान. पण जपान्यांचा डोंगरासाठी स्वतःचाही शब्द होता, ‘यामा’. तो कसा सोडणार? त्यांनी एकाच खुणेला दोन्ही उच्चार देऊन टाकले. कुठे सान वाचायचं, कुठे यामा, हे जपानी मुलांनी लक्षात ठेवायचं. बिचारी.

याचा एक फायदा मात्र जबरदस्त होता. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजाने जपानला बारा वेळा शिष्टमंडळं पाठवली. कोरियन पाहुण्यांना जपानी येत नसे, जपानी यजमानांना कोरियन येत नसे. मग गप्पा कशा? कागद आणि कुंचला घेऊन समोरासमोर बसायचं आणि चिनी अक्षरांत लिहायचं. तुमचा प्रवास कसा झाला? लिहिलं. उत्तम झाला. लिहिलं. कविता ऐकवा, म्हणजे लिहून दाखवा. तासन्‌तास गप्पा, आणि खोलीत एक शब्द ऐकू येत नाही! याला ‘कुंचल्याच्या गप्पा’ असंच म्हणायचे. तुमच्या वर्गात गुरुजींची नजर चुकवून चिठ्ठ्या फिरतात, त्याचा हा दरबारी अवतार.

पण चिनी लिपी म्हणजे चिनीच्या मापाने शिवलेला सदरा. प्रत्यय नसलेल्या भाषेला तो बरोबर बसतो. जपानी-कोरियन प्रत्ययांच्या भाषा. ‘ताबेमासु’मधलं ‘मासु’ लिहायचं कशाने? दोघींनी शतकानुशतकं खटपट केली, आणि दोघींना सापडलेली उत्तरं इतकी वेगळी आहेत, की विचारू नका.

जपान्यांनी चिनी अक्षरं झिजवली. भराभर लिहिताना अख्खं अक्षर वळणदार होत होत एक छोटी खूण उरली. ही झाली ‘हिरागाना’. दरबारातल्या बायकांनी ती उचलून धरली. मुरासाकी शिकिबू या बाईंनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘गेंजी मोनोगातारी’ ही मोठी कादंबरी याच लिपीत रचली. तिकडे मठांतले भिक्षू पोथीच्या समासात टिपणं काढताना अक्षराचा एक तुकडाच तोडून वापरत. ती झाली टोकदार ‘काताकाना’. दोन्हींत मूळ अक्षरं ४६-४६. बरं, नवीन लिपी मिळाली म्हणून जुनी टाकली का? छे! आज ‘मी टीव्ही बघतो’ हे साधं वाक्य लिहिताना ‘मी’ चिनी अक्षरात, प्रत्यय हिरागानात, ‘टीव्ही’ हा परदेशी शब्द काताकानात. एका वाक्यात तीन लिप्या. वर जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ चिनी अक्षरं शिकतात. पहिलीतच ८०.

आता ही जपानी अक्षरमाला मोठ्याने म्हणा. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. मग: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

काही ऐकू आलं? परत म्हणा. आता आपली वर्णमाला आठवा. अ, इ, उ, ए, ओ. क, च, त, न, प, म, य, र, व. दीर्घ स्वर आणि मधली काही अक्षरं गाळली, की क्रम तोच! हा योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत आणि ‘सिद्धम’ नावाची भारतीय लिपी चीनमार्गे जपानला पोचली. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, आणि ८०६ साली हे सगळं शिकून परतला. मंत्र अचूक म्हणायला भिक्षूंना उच्चारशास्त्र शिकावं लागे. मग त्यांनी आपली अक्षरंही त्याच क्रमाने लावली. घशापासून सुरुवात, ओठांपर्यंत शेवट. सिद्धम आणि आपली देवनागरी दोन्ही ब्राह्मीच्या वंशातल्या. जपानमधल्या स्मशानांत थडग्यांमागे लाकडी फळ्या उभ्या करतात. त्यांवर आजही सिद्धम अक्षरं रंगवतात.

तुमच्यातला गुप्तहेर म्हणेल, ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’, हे काय? चला, पुरावा बघू. जपानीत अक्षराच्या डोक्यावर दोन फटकारे मारले की आवाज बदलतो. ‘का’ला मारले की ‘गा’. ‘ता’ला मारले की ‘दा’. आणि ‘हा’ला मारले की? ‘बा’! आता क-ग, त-द ही जोडी पटते, पण ह-ब? ती प-ब हवी. म्हणजे फार पूर्वी ‘हा’ हा ‘पा’ होता. आवाज बदलला, पण फटकारे जुन्याची चुगली करतात. ‘सा’चा उच्चारही पूर्वी ‘च’च्या जवळचा होता असं मानतात. हजार वर्षांपूर्वी कोणी ध्वनिमुद्रण केलेलं नाही, तरी कळलं की नाही?

कोरियाची गोष्ट राजाची आहे. राजाचं नाव सेजोंग. त्याला दिसत होतं, की चिनी अक्षरं शिकायला वर्षं जातात, शेतकऱ्याला तेवढी सवड नसते. मग त्याला आपली तक्रार लिहून देता येत नाही, त्याच्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचता येत नाही. १४४३ साली त्याने नवी कोरी लिपी तयार केली, २८ अक्षरांची. दरबारातले काही पंडित भडकले. त्यांनी १४४४ मध्ये राजाला अर्ज दिला. चिनी लिपी सोडून स्वतःची लिपी काढणं हे रानटी लोकांचं काम, असा त्यांचा सूर. राजा बधला नाही. १४४६ मध्ये लिपी जाहीर झाली. आज तिला ‘हानगुल’ म्हणतात आणि दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला तिच्यासाठी सुट्टी असते. लिपीसाठी शाळेला सुट्टी! त्या पंडितांना कोरियन मुलांनी कधीच माफ केलं नसतं.

या अक्षरांचे आकार आले कुठून? बरीच वर्षं लोक तर्क लढवत होते. कोणी म्हणे, खिडकीच्या जाळीवरून सुचले. मग १९४० साली राजाच्या काळातलं एक छापील पुस्तक हाती आलं आणि सगळा उलगडा झाला. आकार आले तोंडातून! ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वर टेकलंय, बाकी जीभ खाली आडवी. बाजूने बघितलं तर इंग्रजी एल. कोरियन ‘न’ तसाच. ‘क’ म्हणा. जिभेचं मूळ वर उचललं जातं आणि घसा अडतो. कोरियन ‘क’ इंग्रजी सातच्या आकड्यासारखा. ‘म’ म्हणजे मिटलेलं तोंड, म्हणून एक चौकोन. ‘स’ म्हणजे दात. घसा म्हणजे गोल. आणि ‘क’चा ‘ख’ करायचा असेल तर? श्वास जोरात सोडायचा, म्हणून आत एक जादा रेघ. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग आपण व्याकरणात शिकतो. आवाजांचे असेच वर्ग सेजोंगच्या मंडळींना चिनी ग्रंथांतून ठाऊक होते, आणि चिनी पंडितांना त्यांची गोडी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृतमुळे लागली होती. बघा, परत आपण!

पेन्सिल घ्या. आत्ता एका मिनिटात कोरियन लिहायला शिका. एक चौकोन काढा. त्याच्या उजवीकडे एक उभी रेघ. त्या रेघेच्या मध्यावर, उजव्या बाजूला एक छोटी आडवी रेघ. झालं, ‘मा’. शेजारी परत तेच काढा. मामा! चौकोनाच्या जागी एल काढलात तर नाना. मग साताच्या आकड्याने ‘काका’ होईल? होईल, पण कोरियन माणूस ते ‘कागा’ वाचेल. त्यांच्याकडे क आणि ग एकाच अक्षराचे. शब्दाच्या सुरुवातीला क, दोन स्वरांच्या मध्ये आला की ग. उलट, आपल्याला ऐकून फरक कळणार नाही असे आवाज त्यांच्याकडे आहेत. पुल म्हणजे आग, प्पुल म्हणजे शिंग, फुल म्हणजे गवत. (हा ‘फ’ ओठ मिटून म्हणायचा, इंग्रजी एफसारखा फुंकायचा नाही.)

आता चीनकडे, त्या डोकेदुखीकडे. ‘मा’ म्हणा, उंच आणि सपाट, डॉक्टरांनी घसा बघताना लावायला सांगितलेल्या ‘आऽ’सारखा. अर्थ झाला आई. आता ‘मा?’ असा आश्चर्याने वर चढवा. अर्थ झाला ताग. खाली नेऊन वर आणा. घोडा. फाटकन खाली आपटा. ओरडणं, रागावणं. सूर चुकला तर आईचा घोडा होतो! आणि ‘आई’ हा शब्द लिहितात कसा माहितेय? डावीकडे बाईची खूण, उजवीकडे घोड्याची. घाबरू नका, बाई अर्थ सांगायला आणि घोडा फक्त ‘मा’ हा आवाज सांगायला. बहुतेक चिनी अक्षरं अशीच दोन तुकड्यांची असतात.

चाओ युएनरेन (१८९२–१९८२) या भाषातज्ज्ञांनी तर कमाल केली. एक कवी दहा सिंह खायची शपथ घेतो आणि बाजारात जातो, अशी गोष्ट त्यांनी लिहिली. नव्वदहून जास्त अक्षरं, आणि प्रत्येकाचा उच्चार ‘श’! फक्त सूर वेगळे. वाचून कळते, ऐकून कोणालाच कळत नाही. म्हणूनच चिनी लोक आपली अक्षरं सहज सोडत नाहीत. वर्तमानपत्र वाचायला सुमारे तीन हजार लागतात. ओझं हलकं व्हावं म्हणून चीनने १९५६ पासून अनेक अक्षरांच्या रेघा कमी केल्या. तैवान आणि हाँगकाँग अजून जुनीच, भरगच्च लिहितात. मुलांना उच्चार शिकवायला रोमन अक्षरांतली ‘पिनयिन’ ही पद्धत १९५८ साली आली. ती बनवणारे प्रमुख विद्वान चोउ योउक्वांग. ते किती जगले असतील? १९०६ ते २०१७. एकशे अकरा वर्षं! आज मोबाइलवर चिनी मुलं पिनयिनमध्ये ‘मा’ टंकतात आणि पुढे आलेल्या रांगेतून आई किंवा घोडा निवडतात. जपून निवडतात.

अंक मोजू या. चिनी: ई, अर, सान, स, वू. कोरियन: इल, ई, साम, सा, ओ. जपानी: इचि, नि, सान, शि, गो. चीनमध्ये ‘ई’ म्हणजे एक, कोरियात ‘ई’ म्हणजे दोन, तेव्हा खरेदीला जाताना बोटं वर करावीत हे बरं. हे आकडे चीनकडून घेतलेले. दोघींचे घरचे आकडे वेगळेच: कोरियन हाना, दुल, सेत, जपानी हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु. कोरियन घड्याळ दोन्ही वापरतं. तीन वाजून वीस मिनिटं झाली तर तास घरच्या आकड्यात, मिनिटं चिनी आकड्यात. आणि तिन्ही भाषांत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार जवळपास सारखा. म्हणून कोरियातल्या कितीतरी लिफ्टमध्ये चारच्या बटणावर इंग्रजी ‘एफ’ छापलेला असतो.

मोजताना आणखी एक भानगड. आपल्याकडे केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा असे शब्द असतात, ते समूहासाठी. यांना एका वस्तूलाही असा शब्द लागतो. चिनीत नदी, रस्ता, साप, मासा आणि पँट यांना एकच मोजशब्द, कारण सगळे लांबुळके! जपानीत सशाला पक्ष्यांचा मोजशब्द वापरतात. का ते सशाला विचारा.

उसनवारी मात्र एकाच दिशेने चालली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपची पुस्तकं जपानीत आणताना तिथल्या विद्वानांनी चिनी अक्षरं जोडून नवे शब्द घडवले. ‘विज्ञान’ याला कागाकु. तो शब्द चीनला गेला आणि ख-श्वे झाला, कोरियात गेला आणि क्वाहाक झाला. टेलिफोनचं जपानी देन्वा चीनमध्ये त्येनह्वा, कोरियात चॉनह्वा. ज्याच्याकडून अक्षरं घेतली त्यालाच शब्द परत! पण सावध. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरं शेजारी लिहिली, तर जपान्याला वाटेल पत्र आलं. चिनी माणसाला वाटेल, टॉयलेट पेपर.

गोव्याहूनही काही निघालंय. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, आणि सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्यातून निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. पोर्तुगीजांच्या पावाला जपानी लोक ‘पान’ म्हणू लागले, जपानीतून कोरियनमध्ये ‘प्पांग’ झालं. आपल्या वडापावातला पावही त्याच पोर्तुगीज शब्दाचा.

जेवायला बसलात तर काड्या बघूनच ओळखाल. चीनच्या लांब, कारण ताटं मध्ये आणि सगळ्यांनी हात लांबवायचा. जपानच्या आखूड, टोकदार. कोरियाच्या धातूच्या, चपट्या, आणि सोबत चमचा. जपानात वाटी हातात उचलून खाणं रीतसर, कोरियात वाटी टेबलावरच. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, हे मात्र तिन्ही घरी बजावतात. मेलेल्यांपुढे उदबत्ती तशी लावतात.

नव्या वर्षाचंही असंच. चीन आणि कोरिया चंद्राच्या पंचांगाने सण करतात, जपानने १८७३ पासून १ जानेवारी धरला. बारा वर्षांची बारा जनावरं तिन्हीकडे, पण शेवटचं चीन-कोरियात डुक्कर आणि जपानात रानडुक्कर. कोरियात तर जन्मताच बाळ एक वर्षाचं धरायचे आणि नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ ला नवा कायदा लागू झाला, आणि सरकारी हिशेबात सगळा देश एका दिवसात एक-दोन वर्षांनी लहान झाला.

राहता राहिली नाती. आपल्याकडे काका, मामा, मावशी, आत्या असे चार कप्पे. चीनमध्ये त्याहून जास्त, बाबांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द. कोरियात आईची बहीण ‘इमो’, बाबांची बहीण ‘कोमो’. जपानात मात्र बोलताना काकू, मामी, मावशी, आत्या सगळ्या सरसकट ‘ओबासान’. सोलच्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना लोक चक्क ‘इमो!’ अशी हाक मारतात, आपण ‘मावशी, जरा भाजी वाढा’ म्हणतो तशी. त्या ओ देतात, मर्जी असली तर लोणचंही जास्त वाढतात. तोक्योत हा प्रयोग करू नका. वाढणाऱ्या ताईंना ‘ओबासान’ म्हटलंत, तर ‘मी काय तुम्हाला एवढी म्हातारी दिसते?’ अशा नजरेने बघतील. तिथे ‘सुमिमासेन’ म्हणायचं, म्हणजे ‘माफ करा हं’, आणि हळूच हात वर करायचा.